लच्चीबाईचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं. इथं गोंडपिपरीला अजूनही कोणी ताप आला की माझ्याकडे येतो, आणि मी हसून सांगतो, औषधाचा नाही हो, पुस्तकाचा डॉक्टर. तेवढं खरं बोलायची मला सवय आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. रानातले कंद हा माझ्या प्रबंधाचा विषय, म्हणून आलापल्लीच्या पुढे एका जंगलगावात मी दोन वर्षं जात होतो. तिथली लच्चीबाई, माझ्याहून वयानं बरीच मोठी गोंड बाई, मला रानात फिरवायची. कोणता वेल कोणत्या महिन्यात खणायचा, कडू कंद कसा ओळखायचा, त्याचे काप वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायचे — सगळं ती सांगायची. मी लिहून घ्यायचो. एवढंच करायचो. मी काही चुकीचं समजलो असं वाटलं तर ती कंद मोडून माझ्या नाकाशी धरायची.

एकदा तिनं विचारलं, हे लिहून काय भेटते? मी सांगितलं — आधी बी.ए., मग एम.ए., आणि त्याच्याही वर एक पदवी असते. आजवर कोणालाच माहीत नव्हतं असं काही शोधून काढलं, की ती मिळते.

 ती म्हणाली, “पण भाऊ, मले तं माहीत होतं.”

“म्हणून तं तुमचं नाव राहीन बाई पुस्तकात,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो — तेव्हा.

पहिल्या मसुद्यात तिचं नाव होतंही. मीच खोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. सगळं हिनंच सांगितलं, तर तुम्ही काय शोधलं? — असं परीक्षकांनी विचारलं असतं, तर माझ्याकडे काय उत्तर होतं? मग तिचं प्रत्येक सांगणं इंग्रजीत ‘माझ्या निरीक्षणात आढळले’ असं झालं. आभाराच्या पानावर जंगल खात्याचे रेंजरसाहेब होते. टाइप करून देणाराही होता.

पदवी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात जाडजूड बांधलेला प्रबंध घेऊन मी तिच्या अंगणात गेलो. का गेलो? मिरवायला — दुसरं काय. तिनं सुनेला बोलावलं, शेजारणींना बोलावलं. लुगड्याच्या पदरानं पुस्तक पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

“माझं नाव कुठी हाय, दाखव.”

तिला वाचता येत नव्हतं. त्या अंगणात माझ्याशिवाय कोणालाच येत नव्हतं. मी आभाराचं पान उघडलं, रेंजरसाहेबांच्या नावाखाली बोट ठेवलं आणि वाचलं — “लच्चीबाई.”

तिनं त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. सुनेला म्हणाली, “पाह्य, केवढं मोठं हाय.” लच्चीबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

तीन-चार वर्षांनी तो प्रबंध पुस्तक म्हणून छापायचं ठरलं. आभाराचं पान मला नव्यानं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं. त्यातही तिचं नाव घातलं नाही.

लच्चीबाई तेव्हा जिवंत होती.