बाबांचं शपथपत्र

घर सोडलं त्या दिवशी बाबांनी मला बालाघाटहून मोटरसायकलवर गोंदियाला आणलं. पुण्याची गाडी तिथूनच मिळायची. बॅग माझ्या मांडीवर, आईने बांधून दिलेला डबा हँडलला. राजेगाव मागे पडलं तसे बाबा मान न वळवता म्हणाले, "आता महाराष्ट्र लागला. जरा शुद्ध बोलत जा, नाहीतं लोक हासतीन." मी "हौ" म्हणाले आणि दोघेही हसलो. फलाटावर मात्र ते गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत, त्यांची दुपारची पाळी होती. मला त्याचा राग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

आपल्या गल्लीतल्या तुमच्यापैकी काही तिकडेच राहिलात, काही माझ्यासारखे निघालात. मी पुण्यात तत्त्वज्ञान शिकले आणि आता तेच शिकवते. त्याने पोट भरतं का, असं तुम्ही प्रत्येकाने मला एकदा तरी विचारलेलं आहे. भरतं.

पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं की राज्य म्हणजे माणसांनी आपसात केलेला करार. तो कुणी, कधी केला, असं विचारलं तर उत्तर असं, की तुम्ही इथे राहता, इथले रस्ते वापरता, म्हणजे तुम्हाला तो मान्यच आहे. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला आपली गल्ली आठवत होती. आजोबांच्या काळात कुणीतरी रेघ ओढली आणि घरात मराठी बोलणारे आपण मध्य प्रदेशात राहिलो. विचारायला कुणी आलं नव्हतं. राहणं म्हणजे मान्यता असेल, तर निघून जाणं म्हणजे काय, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे. असं म्हटलं की उत्तर मिळणार नसतं, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

मग दुसरं कोडं आलं. एखाद्या वस्तूचा एकेक भाग बदलत गेला, तर शेवटी ती तीच वस्तू राहते का? माझ्या 'मले'चं 'मला' झालं होतं, 'काहून'चं 'का' झालं होतं, चहातली साखर निम्म्यावर आली होती. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, "पाहुणीवानी बोलून राह्यली पोरगी." वर्गात या कोड्याची गंमत वाटते. आईसमोर वाटत नव्हती.

नीतिशास्त्रात मात्र माझी बाजू पक्की होती. कुणाचा जीव वाचत असला तरी खोटं बोलू नये, असं एक मत आहे. दुसरं म्हणतं, परिणाम काय होतो ते बघा. मी पहिल्या बाजूने तावातावाने भांडायचे, कारण मी तसा माणूस घरात पाहिला होता. बाबा भरवेलीच्या खाणीत हजेरी लिहायचे. न आलेल्या माणसाची हजेरी त्यांनी कधी लावली नाही, स्वतःच्या मावसभावाचीसुद्धा नाही. तो कितीतरी वर्षं आमच्या दारावरून मान फिरवून जायचा.

पुढे कॉलेजात कायम होण्याची वेळ आली. कागद तपासणाऱ्या बाईंनी दोन दाखले शेजारी ठेवले. जन्माच्या दाखल्यावर आमगाव, शाळेच्या दाखल्यावर बालाघाट. हे कसं, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे सुना नदीपलीकडून येतात आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून घरोघरची थोरली लेकरं महाराष्ट्रात जन्मलेली. शाळेत नाव घालताना मात्र बाप घरचं गाव सांगून मोकळा होतो. बाईंना यात काही मौज वाटली नाही. पंधरा दिवसांत वडिलांचं शपथपत्र आणा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मी रात्रीची गाडी पकडली.

बालाघाटला कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने मजकूर लगेच काढून दिला. त्यात बाबांच्या तोंडी होतं, की मुलीचं जन्मस्थान शाळेत माझ्याकडून 'भूलवश', म्हणजे चुकून, बालाघाट लिहिलं गेलं. बाबांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि कागद टेबलावर ठेवला.

"भूलवश काहून? तू आमगावले झाली हे मले मालूम होतं ना. मास्तरनं इचारलं आन् म्या जानूनच बालाघाट सांगतलं. पोरीले पुढं कोनी बाहेरची म्हनू नये म्हनून."

टायपिस्ट म्हणाला, "काकाजी, सब यही लिखवाते हैं. जानबूझकर लिखोगे तो बिटिया का काम अटक जाएगा."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तिथं पोराईले काय शिकवते मंग?"

मी काय शिकवते ते सगळं मला पाठ होतं. खरं तेच लिहा, नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बाबा, सही करा ना. माझ्यासाठी." मला लाज वाटत होती आणि तरी मी ते दोनदा म्हटलं.

"दे कलम," ते म्हणाले. सही नेहमीसारखीच केली, ठसठशीत, खाली रेघ ओढून. मग आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. परतीची गाडी कितीची, एवढंच त्यांनी विचारलं.

मी कायम झाले. दर वर्षी खोटेपणाचा पाठ येतो. मी दोन्ही बाजू मांडते आणि मुलं विचारतात, मॅडम, तुमचं मत काय? तुम्हीच विचार करा, असं सांगून मी पुढे सरकते.

घर म्हणजे काय, याची उत्तरं मी पूर्वी भराभर द्यायचे. भाषा, माती, माणसं. आता घर म्हटलं की बाबांनी टेबलावर ठेवलेला तो कागद दिसतो. त्या माणसाने आयुष्यात दोनदा खोटं कागदावर जाऊ दिलं. एकदा मी तिथली ठरावी म्हणून, आणि एकदा मला तिथून लांब राहता यावं म्हणून. पहिलं त्यांनी आपणहून सांगितलं. दुसरं मी मागून घेतलं.