माझा आकडा घेऊ नका

कळव्याला आमच्या नाक्यावरचा पानवाला मटक्याचे आकडे घ्यायचा. तिथे एक गृहस्थ रोज दिसत. इस्त्रीचा शर्ट, आकडा सांगताना तोंडावर हात. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही.

एका संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले. मान खाली घालून म्हणाले, "यापुढे माझा आकडा घेऊ नका. मी हातापाया पडलो तरी."

पानवाला हसला. "अहो साहेब, तुम्हीच येऊ नका ना!"

"ते जमत नाही हो. म्हणून तर हिच्यासमोर सांगतोय."



चार-पाच दिवसांनी ते एकटेच आले. पानवाल्याने नकार दिला, तसे त्याच्यावर ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असंच करत जा."

पुढे ते रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसत. मी तिकडे बघायचं टाळायचो.