समुद्रासाठी साफ केलेला डोह

गोंदियापासून समुद्र किती लांब आहे, हे मी इतकी वर्षं पोरांना नकाशावर दाखवत आले आहे. भूगोल शिकवते ना. वाघ नदी वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. समुद्र मी स्वतः एकदाच पाहिला, तोही कॉलेजच्या सहलीत पोरांची डोकी मोजता मोजता. त्यामुळे समुद्रावरची माणसं आपली नदी साफ करायला येणार आहेत असं प्राचार्यांनी सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

ती सर्फर मंडळी होती. लांब फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला यायचं, हा त्यांचा खेळ. गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या बाजूच्या कुठल्याशा गावात त्यांचा क्लब होता. दर पावसाळ्यात नदी त्यांच्या किनाऱ्यावर कचरा आणून टाकते, त्या कचऱ्यात उतरणं त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की किनारा झाडत बसण्यापेक्षा कचरा जिथून निघतो तिथेच जावं. विचार चुकीचा नव्हता. पुढे जे झालं त्यात मी त्यांचा दोष पुष्कळ शोधला, आणि मला तो फारसा सापडला नाही.

गोंदियाच का, तर त्यांना किनाऱ्यावर तांदळाची एक रिकामी प्लास्टिकची पिशवी सापडली होती आणि तिच्यावर गोंदियाच्या मिलचा छाप होता. ती पिशवी त्यांनी घडी घालून जपून आणली होती. स्टाफरूममध्ये ती हातोहात फिरली. इतक्या दूरचा प्रवास, इतक्या नद्या, असं सगळे हळहळले. मला मात्र पाहताक्षणी कळलं, की ही पिशवी नदीतून गेलेलीच नाही. मधे एवढी धरणं आहेत. आमचा तांदूळ रेल्वेने आणि ट्रकने देशभर जातो, तिकडच्याच कुणी भात शिजवला असेल आणि पिशवी फेकली असेल. भूगोलाची बाई म्हणून हे बोलणं माझं काम होतं. पण सगळे इतके भारावले होते, की त्यात पचका करायचं माझ्या जिवावर आलं. गप्प बसण्याची सवय अशी सोप्या जागी लागते.

मग प्राचार्यांनी विचारलं, नदीकाठच्या गावात कुणाची ओळख आहे का. मी म्हणाले, "आमगावच्या पुढे एका गावात माझी ओळख आहे."

ती ओळख म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्या गावात माझा जन्म झाला. आमचं घर ढिवराचं, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जाळं टाकणाऱ्यांचं. माझ्या बापाने मासोळीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या आणि भावाने शाळा सोडून जाळं धरलं, म्हणून मी शिकले. हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मी खोटं कधी बोलले नाही, कुणी विचारलंच नाही एवढंच. लग्नानंतरचं आडनाव माहेर सांगत नाही, आणि गोंदियाला कुडव्याच्या कॉलनीत राहून माझी भाषाही सगळ्यांसारखी झाली होती, अर्धी पुस्तकी मराठी, अर्धी हिंदी.

भावाला फोन केला तर तो इतका खूश झाला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "तुह्या कॉलेजचे लोक येऊन राहिले, मंग काई कमी पडू द्याचं नाई," म्हणाला. डोंगा मी वल्हवतो, जेवण आपल्याच घरी, दुपारी ताजी मासोळी खाऊ घालतो, सगळं त्यानेच ठरवलं. मी हो हो म्हणत राहिले. मी तुला तिथे काय म्हणून ओळख देणार आहे, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. धान कापून झालं होतं, नदी बारीक झाली होती, फक्त गावाखालच्या डोहात पाणी खोल होतं. कॉलेजची बस आली, सर्फर मंडळींची गाडी आली, गाडीच्या टपावर त्यांच्या दोन फळ्या. मागोमाग गोंदियाच्या केबल चॅनेलचा एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. गोरेगोमटे नव्हते कुणी, उन्हाने रापलेली, काटक, हसतमुख पोरंपोरी होती. भाऊ पहाटेपासून राबत होता. मी त्याची ओळख 'गावातले ओळखीचे मच्छीमार' एवढीच करून दिली, आणि त्याने ती ऐकून सगळ्यांना नमस्कार केला. वरच्या घाटापासून डोंग्यातून माणसं आणि पोती आणायचं काम त्याच्याकडे होतं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "जाळं डोहातच हाय. सकाळी काढाले वेळच नाई भेटला. पांढऱ्या शिशा दिसतेत नं, तिकडे नोको जा म्हनावं. सांगजो त्यायले."

"सांगते," मी म्हणाले.

त्या पांढऱ्या शिशा म्हणजे काय, ते सांगायला हवं. डोहात जाळं पडद्यासारखं उभं सोडतात. खालच्या दोरीला वजन आणि वरच्या दोरीला तरंगणारं काहीतरी बांधावं लागतं. पूर्वी सुकलेले भोपळे असत, आता प्लास्टिकच्या बाटल्या असतात. आमच्याकडे प्रत्येक घराची बाटली वेगळी, म्हणजे लांबूनच कळतं जाळं कुणाचं. कुणाच्या ऑइलच्या डब्या, कुणाच्या थंड्याच्या हिरव्या बाटल्या. आमच्या घराच्या सलाइनच्या. माय शेवटच्या आजारपणात गोंदियाला दवाखान्यात होती, तेव्हा भाऊ रिकाम्या बाटल्या नर्सला विचारून घ्यायचा आणि नळाखाली धुवायचा. झाकण घट्ट, आणि बुडाशी टांगायची कडी, म्हणजे दोरी बांधायला बरी. माय त्याला हसायची. मी खाटेशी बसलेली असायची. त्या बाटल्या मी हजारांत ओळखल्या असत्या.

काम सुरू व्हायच्या आधी सर्फर लोकांच्या म्होरक्याने दोन शब्द सांगितले. मोबाइलवर फोटो दाखवला. जाळ्यात अडकून मेलेलं कासव होतं. समुद्रात सोडून दिलेली जुनी जाळी वर्षानुवर्षं मारत राहतात, त्यांना घोस्ट नेट म्हणतात, असं त्याने समजावलं. "मछुआरे पुराना जाल पानी में ही छोड़ देते हैं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच दुःख होतं. प्राचार्य माझ्या शेजारी उभे होते. मान हलवून मला म्हणाले, "इन लोगों को कौन समझाए, मॅडम." आणि मीही मान हलवली.

त्यानंतर "डोहात आमचं जाळं आहे, तिकडे जाऊ नका" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. आमचं म्हणायचं नव्हतं तर गावातल्या एकाचं म्हणता आलं असतं. तेवढंही मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत.

आमची पोरं काठावरच्या प्लास्टिकच्या पन्न्या गोळा करत होती. डोहाच्या पाण्यात उतरायला कुणी धजत नव्हतं, पण ज्यांचा जन्म लाटांत गेला त्यांना डोहाचं काय. त्यांनी फळ्या पाण्यात सोडल्या, पालथं पडून हातांनी पाणी मारत थेट मधे गेले. मी काठावर पोतं धरून उभी होते. एका पोरीने कमरेच्या चाकूने दोरी कापली, बाटली घेऊन काठाला आली आणि माझ्यापुढे धरली. "मॅडम, ये देखिए. हॉस्पिटल का कचरा भी नदी में डालते हैं?"

मी ती बाटली हातात घेतली. कडीला भावाने मारलेली गाठ होती, दुहेरी, बापाने शिकवलेली. मी म्हणाले, "हाँ, क्या करें." आणि बाटली पोत्यात टाकली.

एवढंच केलं मी. बाकी सगळं आपोआप झालं. एकेक करून साऱ्या बाटल्या आल्या. मग कुणाच्या तरी पायाला जाळं लागलं, आणि त्यांना जणू घबाड सापडलं. घोस्ट नेट, घोस्ट नेट करत चौघा-पाचजणांनी ते ओढलं. ते खाली बुडालेल्या झाडाच्या बुंध्यात अडकलं तेव्हा कापून ओढलं. रात्रभराची मासोळी त्यात होती. जी जिवंत होती ती त्यांनी एक एक करून सोडवली आणि पाण्यात सोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या मासोळ्यांचे फोटो काढले, जाळं किती क्रूर असतं ते दाखवायला. भावाने नवीन दोरी घालून, दिवाळीनंतरच्या सगळ्या दुपारी अंगणात बसून ते जाळं उभं केलं होतं. दुसरं चांगलं जाळं त्याच्याकडे नव्हतं.

भाऊ डोंगा घेऊन आला तेव्हा ढीग काठावर पडला होता. चॅनेलवाल्या पोराने त्याच्यासमोर माइक धरला. "भाऊ, ये जाल किसका है?"

त्याने ढिगाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "मालूम नहीं साहेब. वाहत आलं असन."

म्होरक्याला गावचा मच्छीमार फोटोत हवा होता. भावाच्या हातात जाळ्याचं एक टोक दिलं, दुसरं टोक मॅडम म्हणून माझ्या हातात. तो हसला. फोटोत हस म्हटलं की हसायचं, हे त्याला कळतं. ती फ्रेम आमच्या कॉलेजच्या जिन्यात लावली आहे. मी रोज तिच्याखालून जाते आणि मला रोज स्वतःची किळस येते.

दुपारी आमच्या घरच्या अंगणात पंगत बसली. वैनीने वाटण वाटून ठेवलं होतं, पण मासोळी कुठून आणणार. तेच वाटण तिने वांग्यात घातलं. पाहुण्यांनी ओरपून खाल्लं आणि दहादा धन्यवाद दिले. त्यांनी जाळं गाडीत घातलं. त्याचं वितळवून काहीतरी चांगलं बनवतात म्हणे. जाताना त्या चाकूवाल्या पोरीने मला मिठी मारली.

भाऊ त्याच आठवड्यात आमगावच्या राइस मिलवर पोती उचलायला लागला. मला हे वैनीच्या फोनवरून कळलं. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. पण रविवारी नेहमीसारखी मासोळी आली. आमच्यात लग्न झालेल्या लेकीचा जाळ्यात वाटा असतो. भाऊ दर रविवारी गोंदियाला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो पाठवतो, माझं लग्न झाल्यापासून तो साफसफाईचा रविवार सोडला तर एकही चुकला नाही. मी पिशवी उघडली आणि कल्ला वर करून पाहिला. फिकट होता. डोळा बसलेला, अंगाला बर्फाचा वास. ती नदीची मासोळी नव्हती. ती आंध्राकडून ट्रकने येणारी बाजारातली होती, त्याने मिलवरून येताना विकत घेतलेली. ढिवराच्या घरातून विकतची मासोळी. पुढच्या रविवारीही तशीच आली, त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारी मी स्कूटी काढली आणि गावी गेले. भाऊ नुकताच मिलवरून आला होता. अंगभर धानाचा कोंडा, पापण्यांवरसुद्धा. "ये बारके," म्हणाला. धाकटी म्हणून घरात मला बारकीच म्हणतात. आता तसं म्हणणारा तो एकटाच उरला आहे.

वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं सोडून मी सरळ सांगितलं. "दादा, त्या दिवशी मी त्यायले सांगतलंच नाई. विसरली नव्हती मी."

"माहीत हाय," तो म्हणाला. "डोंग्यातून पाहून राहिलो होतो नं मी. त्या पोरीनं शिशी दाखवली. तू हातात घेतलीस, उलटून पाह्यलीस, पोत्यात टाकलीस."

म्हणजे त्याने सगळं पाहिलं होतं. मग ओढणं, कापणं, टाळ्या, तेही पाहिलं असणार. मला राग आला, त्याचाच राग आला, आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरची बोली अशी निघाली जशी मधे कधी सुटलीच नव्हती. "मंग आवाज काऊन नाई देल्ला? एक हाक मारली असती तं थांबले असते ते. जाळं वाचलं असतं."

तो डोक्यावरचा कोंडा झटकत होता. म्हणाला, "हाक मारली असती तं माह्या तोंडातून बारके हेच निघालं असतं. मंग मी तुहा कोन होय, ते समद्यायले समजलं असतं."

वैनीने चहा आणला. तो त्याने उभ्याउभ्याच घेतला आणि हौदाकडे आंघोळीला गेला.