टाकीतलं पाणी

त्या दिवशी मी काकाचं नाव तोंडातून काढलं नाही. नुसतं त्याच्या वावराकडे पाहिलं. पुढचं सगळं त्या एका पाहण्यामुळे झालं, हे मी आता कोणापाशी नाकारत नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. सोयाबीनची गंजी खळ्यात उभी आणि रिसोडच्या बाजूनं आभाळ काळं होत आलेलं. वर्षाचं पीक एका सरीत सडलं असतं. गावातले बाकीचे ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या खळ्यांत अडकले होते, म्हणून बाबांनी आमचा म्हातारा बाहेर काढला. आमचा ट्रॅक्टर पेट्रोलचा. आजकालच्या डिझेलवाल्यांना कार्बोरेटर नसतोच. आमच्याला आहे आणि तो रुसक्या जावयासारखा आहे, कशानं बिनसेल सांगता येत नाही. हँडल मारलं तसा तो सुरू झाला, दहा मिनिटं थ्रेशरचा पट्टा ओढला, दोनदा खोकला आणि बसला.

प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली निळी पडत होती. पेट्रोलची नळी सोडली, तर धारही नीट. मग राहिला कार्बोरेटर. त्याच्या खालची वाटी खोलली आणि उन्हात धरली. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब वेगळेच लोळत होते, पातळ तुपात पाणी सांडावं तसे. सोबत थोडा लाल गाळ. टाकीचा गंज असेल म्हणून मी तो चिंधीनं पुसला, चिंधी गंजीवर वाळत टाकली, पेट्रोल सोडणारा बारीक जेट तोंडानं फुंकला, सगळं जिथल्या तिथं बसवलं. सुरू झाला. पंधरा मिनिटांत पुन्हा बसला. पुन्हा वाटी खोलली, पुन्हा पाणी.

माझं डोकं सटकलं. मी मुळातच तापट. हातातला पाना आपटला आणि ओरडलो, "पेट्रोलात पानी हाये! पानी का आपोआप जाते टाकीत? कोनंतरी टाकलं!"

बाबांनी शांतपणे विचारलं, "कोनं?"

तेव्हा मी पाहिलं.

काकाचं वावर आमच्या वावराला लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांचं तीन वर्षांपासून बोलणं बंद. कोर्टात नाही गेले, पण एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते. फक्त दसरा त्याला अपवाद. दसऱ्याला काका न चुकता यायचा, बाबांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवायचा, पाया पडायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. बाबाही त्याच्या हातावर सोनं ठेवायचे. आदल्या दिवशी तो तसाच आला होता. जाताना मात्र ट्रॅक्टरपाशी थांबला आणि टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. हे मी पाहिलं होतं. बाबांनीही पाहिलं होतं.

"काहून हात ठेवला होता त्यानं टाकीवर?" बाबा म्हणाले. मला विचारलं नाही, स्वतःशीच बोलले. मग गोठ्यात गेले, कुऱ्हाड घेऊन आले आणि लिंबाखालच्या दगडापाशी बसून ती पाजळायला लागले.

अरे देवा, तो आवाज! बाबा शिव्या देत असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते दगडावर पाणी शिंपडायचे आणि घासायचे. मी मनात म्हटलं, हा म्हातारा एकदा नीट चालला की बाबांचा राग आपोआप उतरेल, कुऱ्हाड परत गोठ्यात जाईल. म्हणून मी टाकी पूर्ण रिकामी करायला घेतली. डबड्यात पेट्रोल उतरत होतं आणि मागं घासणं चालूच होतं. मग ते थांबलं. मी वळून पाहिलं तर दगडाजवळ कोणी नव्हतं. बाबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून धुऱ्याकडे निघाले होते, सावकाश, नेहमीच्या चालीनं.

हात पुसायला मी गंजीवरची चिंधी ओढली. ती वाळली होती. मघाचा गाळ पुसल्याचा पट्टा त्यावर गुलाबी दिसत होता. गंज गुलाबी नसतो. गंजाचा डाग तपकिरी पडतो, हे मला शाळेच्या चड्डीपासून माहीत आहे. मी तो बोटावर चोळला. ते कुंकू होतं.

तेवढ्यात माय चहा घेऊन आली.

"माय, टाकीत काही टाकलं का तू?"

"काहून ओरडून राह्यला? म्याच टाकलं," ती म्हणाली. "औंदा ते लय खोकलून राह्यलं होतं. दरसाली दसऱ्याच्या पूजेत नुसतं वरून कुंकू लावतो, म्हटलं यावर्षी कलशातल्या पान्याच्या चार-पाच पळ्या पोटात सोडाव्या. बिचारं थकलं आता."

धक्क्यानं तिच्या हातातला चहा सांडला आणि मी पळत सुटलो. "बाबा! कुंकू हाये! मायनं टाकलं!" असं काहीतरी बोंबलत होतो. सोयाबीनची खुटं पायात घुसत होती.

धुऱ्यावर काका उभा होता. त्याच्या हातात डबा होता. बाबांनी तो डबा पाहिला आणि कुऱ्हाड खांद्यावरून वर उचलली. माझा आवाज त्यांच्यापर्यंत तेव्हाच पोचला. कुऱ्हाड वरच थांबली. मग हळूहळू खाली आली.

काका हलला नव्हता. त्यानं बाबांकडे पाहिलं, कुऱ्हाडीच्या ताज्या धारेकडे पाहिलं. धार कशासाठी लावली हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"भाऊ," तो म्हणाला. तीन वर्षांतला पहिला शब्द. "सकाळपासून बंद पडल्याचा आवाज येऊन राह्यला होता. म्हटलं पेट्रोल खराब असन. म्हनून ताजं आनलं."

त्यानं डबा धुऱ्यावर ठेवला आणि गेला.

बाबांना हाक मारायची होती, मला दिसलं. दोन पावलं ते त्याच्यामागं गेले आणि धुऱ्यावरच थांबले. त्या डब्यातल्या पेट्रोलवर आम्ही दिवस बुडायच्या आत सगळी गंजी काढली. ट्रॅक्टर एकदाही बसला नाही. बाबा धान्याच्या राशीकडे पाठ करून बसले होते.

यंदाच्या दसऱ्याला मायनं सगळी अवजारं पूजेला मांडली. कुऱ्हाड मांडायला गेली तर बाबांनी ती काढून ठेवली. ट्रॅक्टरला तिनं लांबूनच हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून, आपट्याची पानं हातात धरून ओट्यावर बसले. गावातले सगळे येऊन सोनं देऊन गेले. बाबांनी सगळ्यांना दिलं, पण एक फांदी बाजूला ठेवली होती, तिला हात लावू दिला नाही. अंधार पडल्यावर माय म्हणाली, "चला आता जेवाले."

"थांब," बाबा म्हणाले. "तो आजून आला नाही."