अर्धं गोंदण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. फेतूचा विषय निघाला की मी उठून चहा टाकतो — तिला वाटतं, मला चहाची तल्लफ फार.

फेतू सामोआ बेटावरचा. २००२ साली सांता क्लाराच्या एका सर्व्हर रूममध्ये माझ्या हाताखाली होता. अंगानं धिप्पाड, बोलणं मात्र हळू. त्यांच्यात पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेतात — हाडाच्या दातेरी फणीवर काठी ठोकून, दहा-बारा दिवस. घरचे भोवती बसून गाणी म्हणतात. मग तो माणूस समारंभात, ते गोंदण दाखवत, वडीलधाऱ्यांना वाढायला उभा राहतो. आणि अर्ध्यात उठला तर? जन्मभर भित्रा. घराण्याचंही नाव जातं.

हे सगळं त्यानं मला आधीच सांगितलं होतं. आणि माझ्या आईच्या हातावर गोंदण होतं — मेल्यावर एवढंच बरोबर येतं, म्हणायची. म्हणजे मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

त्यानं दोन आठवड्यांची रजा मागितली. गोंदणारा खास बेटावरून येणार होता. "जा ब्रो, फॉर्मचं मी बघतो," मी तोऱ्यात म्हणालो. फॉर्म पाठवलाच नाही. विसरलो? छे. तेव्हा ले-ऑफ चालू होते — एका माणसावाचून आमचं भागतं, हे वर कळलं असतं ना! सहाव्या दिवशी मॅनेजरनं विचारलं, फेतू कुठाय?

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

उद्या आला नाही तर काढून टाक, असा हुकूम निघाला. मी फेतूला फोन करून सांगितलं, वरून रजा कॅन्सल झाली. वडील आजारी, घर त्याच्याच पगारावर — तो आला. सुजलेल्या पायांवर दिवसभर उभा राहिला. एक मांडी गोंदलेली, दुसरी कोरी. गोंदणारा परत निघून गेला. आणि फेतू माझेच आभार मानायचा, नोकरी वाचवली म्हणून. मी ते घ्यायचो. आज त्याची लाज वाटते — आज!

२००७ मध्ये त्याचे वडील गेले. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला मी गेलो होतो. हॉलमध्ये चुलतभाऊ लुंगी वर खोचून वाढत होते, मांड्यांवरचं गोंदण दिमाखात दाखवत. थोरला मुलगा असून फेतू मात्र फुल पँट घालून आत भांडी घासत होता. त्याचे काका ताट घेऊन माझ्याजवळ बसले.

"सुट्टी तूच दिली होतीस ना? मग त्याला बोलावलं कुणी? का दुखणं सोसेना म्हणून पळाला?"

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. भांड्यांचा आवाज थांबला. फेतू माझ्याकडे बघत होता.

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. आत पुन्हा नळ सुरू झाला. मी ताटातलं सगळं संपवलं.