करवत खाते तेवढं सोडून

"लाकूड दुकानदाराचं, वीज कंपनीची, कापतं ते मशीन. यात तुझं काय?"

आमचे हे आपल्या धाकट्या भावाला विचारत होते. मी आत चहा टाकला होता. ह्यांचं सुतारकामाचं दुकान भिंतीपलीकडेच, त्यामुळे कान देण्याची गरज नव्हती. भांडण आपणहून चालत आत यायचं.

"डोकं माझं आहे, दादा," भावजी म्हणाले.

"ते दिसतंच आहे."

कारण भावजी मोठ्या हौसेनं एक पेटी घेऊन आले होते. खिळा नाही, गोंद नाही, नुसते दातात दात अडकवलेले. ह्यांनी ती उचलली, तर बाजू हातात आल्या आणि तळ टेबलावर राहिला.

"तुझी करवत तरी तू घडवलीस का? विकतच आणलीस ना?" भावजींनी विचारलं.

"करवत मला चालवावी लागते. तू मशीन चालू करतोस आणि पेपर वाचत बसतोस."

पेपरचं खरं होतं, म्हणून भावजींना जास्त लागलं. चहा न घेता गेले.

भावजींनी जन्मभर एका कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, फिरायला जातात. यांनी लेझर कटर आणला. पेटाऱ्याएवढं मशीन, वर काचेचं झाकण, आत उजेडाची एक बारीक सुई, आणि ती लाकूड जाळत जाळत कापते. त्याला थंड ठेवायला पाण्याची बादली लागायची. ती माझ्या जावेची कपडे धुवायची बादली होती, एवढं सांगितलं म्हणजे त्या घरातली पहिली काही वर्षं कशी गेली ते कळेल. धुराचा पाइप न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर काढलेला. शेजारीण रोज विचारायची, "आज काय करपलं?" जाऊ म्हणायची, "आमचे हे."

मग वस्तू सुरू झाल्या. गल्लीतल्या प्रत्येक दारावर नावाची पाटी लागली, ज्यांनी मागितली नव्हती त्यांच्याही. कुत्र्याच्या गळ्यातही एक आली. मला लाकडी कंगवा दिला. त्याचे निम्मे दात पहिल्याच दिवशी माझ्या केसांत राहिले, आणि माझ्या केसांत आता दम नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती मला दिसत होती. दादाच्या दुकानात आपली एक वस्तू असावी. गल्लीभर पाट्या लागल्या, तिथे मात्र खिळासुद्धा मिळाला नाही.

भांडणानंतर दोघांचं बोलणं जवळजवळ थांबलं, शनिवार मात्र थांबला नाही. भावजी दर शनिवारी नवा प्लायवूड काखेत मारून दुकानात यायचे. प्लायच्या आत पोकळी किंवा गोंदाचा गोळा असला की मशीन तिथेच अडतं, आणि ते ह्यांना बोटाच्या टकटकीवरून कळायचं. हे टकटक करायचे, मान हलवायचे. भावजी टेबलावरची ह्यांची पेन्सिल घेऊन कुठे टाळायचं तिथे खूण करायचे, पेन्सिल कानामागे अडकवायचे आणि निघून जायचे. पेन्सिल कधी परत आली नाही.

एका शनिवारी ते गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, त्याला सांग, करवत खाते तेवढं मापात सोडावं लागतं. त्याचा उजेडही खातच असेल ना लाकूड."

मी निरोप पोचवला. भावजींनी कपाळावर हात मारला. पुढची पेटी अशी घट्ट बसली की जावेचं शिवणाचं सामान आतच अडकलं, आणि ते काढायला शेवटी हातोडी लागली.

मग ह्यांचा फर्मा मोडला. खुर्चीची पाठ आखायचा तो लाकडी साचा सासऱ्यांच्या वेळचा. आतून किड्यानं पोखरलेला, एक दिवस हातातच भुगा झाला. खुर्च्यांचं काम तर घेतलेलं. हे पुन्हा पुन्हा आखायला बसले, पण हात थरथरायला लागले होते. रेघ नदीसारखी जायची. ह्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी भावजी आले, टेबलावरचे तुकडे पाहिले, पिशवीत भरले आणि गेले. हेही नको म्हणाले नाहीत.

पुढच्या शनिवारी नवा फर्मा आला. जळकी कड कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग जुना तुकडा त्यावर ठेवला.

"इथे जास्त झालाय."

"तिथे किड्यानं खाल्लं होतं, दादा. किडा कशाला कापू? वरची खालची वळणं जुळवली, मधली रेघ माझ्या मनानं काढली."

हे उठले. कोपऱ्यात सासऱ्यांच्या हातची जुनी खुर्ची होती, तिच्या पाठीला फर्मा लावला. कागदही सरकला नसता मध्ये. ह्यांनी फर्मा जुन्या खिळ्याला अडकवला आणि कामाला लागले. भावजी खिळ्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की शेवटी मीच म्हटलं, "बसा तरी."

चार दिवसांनी गिऱ्हाइकानं विचारलं, "हा कुठून आणला?"

"आणला नाही," हे म्हणाले. "माझ्या भावानं केलाय."

मी तशीच चपला घालून भावजींकडे गेले.

"काय म्हणाला? पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, वहिनी."

मी पुन्हा सांगितलं. मशीन बंद होतं, पंखाही.

त्यानंतर भावजी बरीच वर्षं होते, आणि वस्तू काही सुधारल्या नाहीत. गेले ते झोपेतच, एका रविवारी. आदल्या दिवशी नेहमीसारखे आले होते, काखेत प्लाय, दारातून तिरके होऊन.

ह्यांनी टकटक केलं. "चांगला आहे. कशासाठी?"

"वहिनींच्या चष्म्याला स्टँड."

"तिचा चष्मा नाकावरून उतरतो कधी?"

"मग नाकाला करतो," भावजी म्हणाले.

मी आतून म्हटलं, "कंगव्यासारखा नको म्हणजे झालं."

त्यांनी खूण केली, पेन्सिल कानामागे लावली, "येतो" म्हणाले आणि प्लाय सांभाळत गल्लीनं घराकडे गेले.