होडीची कॅसेट, साडेपाच हजार

जुन्या व्हिडिओ गेमचे भाव कोण वाढवतं असं कुणी विचारलं, की मी आधी दोन माणसांना शिव्या घालते. एक आगाशीचा दुकानदार आणि दुसरा एव्हरशाईन सिटीतला तो काचेच्या कपाटवाला. त्यानंतर मात्र मी गप्प बसते, कारण तिसरा माणूस आमच्या घरातला होता आणि चौथी मी.

मी शाळेत शिकवते. वसईजवळ उमेळ्याला आमची वाडी होती, तिच्यातली अर्धी आता बिल्डिंगखाली गेली. पप्पा बोटीवर सुकाणी होते. वर्षातले आठ महिने समुद्रावर, चार महिने घरी. मी बारा वर्षांची असताना सुट्टीवर येताना त्यांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून टीव्हीवर खेळायचं एक मशीन आणलं. सोबत एकच कॅसेट. ही गाण्याची कॅसेट नव्हे, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा प्लास्टिकचा डबा, तो मशीनमध्ये वरून खुपसायचा. त्याच्यावर सगळी जपानी अक्षरं, तेव्हा खेळाचं खरं नाव देवालाच ठाऊक. आम्ही त्याला होडी म्हणायचो. आमच्या टीव्हीवर त्याचं चित्र काळंपांढरं यायचं, पण तक्रार करायची कुणाला?

त्यात नदीतून होडी न्यायची. एका रिमोटवर सुकाणू, दुसऱ्यावर वल्ही. सुकाणू अर्थातच पप्पांकडे. मी वल्ही मारायचे. दोन्ही काठांवरून ओंडके यायचे, मध्ये खडक, आणि सगळ्यात शेवटी बंदर. त्या बंदरापर्यंत आम्ही कधीच पोहोचलो नाही. शेवटच्या वळणावर होडी आपटायची, पप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "परत!" आणि आई आतून ओरडायची, "जेवायला येताय की टीव्हीच वाढू ताटात?"

खरं सांगते, एरवी पप्पांना आणि मला एकमेकांशी काय बोलायचं ते कळायचं नाही. घरी आले की पहिले आठ दिवस ते पाहुण्यासारखे बसायचे. शाळा कशी आहे, बरी आहे, एवढ्यावर संपायचं. होडी लावली की मात्र आम्ही दोघं तासन्‌तास भांडायचो, हसायचो. माझ्या वाट्याला आलेला बाप तो एवढाच, आणि तो मला पुरायचा.

मग जुनं घर पाडलं, नवं बांधलं. त्या हलवाहलवीत मशीन राहिलं आणि कॅसेट गेली. कुठे गेली, कुणी टाकली, यावर आमच्याकडे दोन वर्षं भांडण चाललं. त्यानंतर मी ते सगळं विसरूनही गेले होते.

आठवण झाली ती पप्पांच्या डोळ्यांमुळे. ते बोटीवरून कायमचे घरी आले आणि दोन-तीन वर्षांत काचबिंदू निघाला. मी त्यांना घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की नजर कडेकडेने जाते, गेलेली परत येत नाही, थेंब घाला आणि दर तीन महिन्यांनी दाखवा. किती दिवस दिसेल, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. रिक्षात बसल्यावर पप्पा म्हणाले, "ते शेवटचं वळण राहिलंच की गं बाय आपलं."

बस्स. मी ठरवलं, ह्यांना दिसतंय तोवर ती कॅसेट घरात आली पाहिजे.

आगाशीच्या बाजारात एक वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. तिथे खालच्या खणात जुन्या कॅसेट धूळ खात पडल्या होत्या, तीस रुपयांना एक. होडी त्यात नव्हती, पण शाळेत असताना मैत्रिणींकडे खेळलेले दोन-तीन गेम दिसले आणि मी वेड्यासारखी हरखले. "अय्या, ही अजून मिळते? ही तर कुठेच मिळत नाही हो!" असं मी स्वतःच्या तोंडाने बोलले. आईबरोबर बाजारात जाऊन पंधरा वर्षं मासळीचा भाव करणारी मी, पापलेटाकडे बघून नाक मुरडायचं असतं हे ज्ञान असलेली मी! दुसऱ्या महिन्यात गेले तर तीसचे दीडशे. त्याच्या पुढच्या महिन्यात चारशे. मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, कुठेच मिळत नाही." आणि वर तोंड करून विचारतो, "भावासाठी घेता का?" बाईमाणूस स्वतःसाठी गेम घेतं हे त्याच्या डोक्यात शिरेचना.

त्यानेच मला एव्हरशाईन सिटीतल्या माणसाचा पत्ता दिला. चांगल्या नोकरीतला, फ्लॅटवाला, चहा-बिस्किटं पुढे करणारा. हॉलमध्ये काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, आत प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या दीडदोनशे कॅसेट. आणि त्यात दुसऱ्या रांगेत आमची होडी! तीच जपानी अक्षरं, तोच निळा कागद. पण ह्या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

"ही चालते का?" मी विचारलं.

"असेल चालत. मी लावत नाही. खेळलं की किंमत उतरते."

"मग घेतली कशाला?"

"ठेवायला."

ठेवायला! अरे, लोणचं आहे का ते? त्याने तीन हजार सांगितले. माझा पगार तेव्हा अकरा हजार. विचार करून येते म्हटलं. पंधरा दिवसांनी हजार उसने घेऊन गेले तर म्हणतो साडेचार. का? तर मार्केट वर गेलंय. कुठलं मार्केट? सबंध वसई-विरारमध्ये ही वस्तू मागणारी मी एकटी, विकणारा तू एकटा, मग वर कोण गेलं? त्याने ते मला इंटरनेटवर दाखवायला घेतलं. मी चप्पल घालून निघाले.

इंटरनेट मात्र माझ्याही घरी होतं. लिलावाच्या साइटवर रोज शाळेतून आल्यावर मी शोधायचे, आणि एका सोमवारी ती सापडली. नागपूरच्या कुणीतरी विकायला काढली होती. सुरुवातीचा भाव तीनशे रुपये, मुदत शनिवारी दुपारी एकपर्यंत. मी नाचले. पप्पांना हाक मारून दाखवली. ते पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघत राहिले आणि म्हणाले, "हो. तीच ती."

मी तीनशेची बोली लावली. मंगळवारी शाळेतून येऊन बघते तर कुणीतरी पाचशे केलेले. नाव दिसत नाही, पहिलं आणि शेवटचं अक्षर, मध्ये सगळ्या चांदण्या. मी सातशे केले. बुधवारी बाराशे! मी पंधराशे. गुरुवारी चोवीसशे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवताना मी त्या माणसाचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. नक्की तो कपाटवालाच असणार, दुसरी पण कुलपात ठेवायची असेल मेल्याला. पप्पा खाली मान घालून भात कालवत होते. म्हणाले, "एवढं महाग होत असेल तर सोड ना. जुना खेळ तो, त्यात काय आहे?"

"सोडू? मेले तरी सोडणार नाही," मी म्हटलं आणि अडीच हजार टाकले. शुक्रवारी अडतीसशे झाले. मी भिशीचे पैसे आठवले, डोळे मिटले आणि एकोणचाळीसशे लावले. शनिवारी अर्धी शाळा आटपून धावत घरी आले, तर एक वाजून गेला होता आणि त्या चांदण्यावाल्याने काहीच केलं नव्हतं. कॅसेट माझी झाली होती.

मी आरडाओरडा करून आईला सांगितलं. आई निवांतपणे लसूण सोलत म्हणाली, "हे पण रोज दुपारी त्या कॉम्प्युटरवरच बसलेले असतात. आज नाही बसले. म्हटलं, काय झालं?"

मी पप्पांकडे बघितलं. मागे मीच त्यांना त्या साइटवर खातं उघडून दिलं होतं, जुन्या रेडिओचे सुटे भाग घ्यायला. ती पहिली आणि शेवटची अक्षरं मग मला ओळखू आली.

"पप्पा! तीनशेची वस्तू! माझ्यावर तुम्ही बोली चढवत होतात?"

त्यांनी कान खाजवला. "अगं, आगेऱ्याला नाही का आपण करत?"

आता आमचा आगेरा ज्यांना माहीत नाही त्यांना हे कळायचं नाही. पीक घरात आलं की आम्ही ख्रिस्ती मंडळी पहिलं धान्य, भाजी, फळं चर्चमध्ये वाहतो, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर त्यांचा लिलाव होतो. पैसा देवाच्या कामाला जातो, म्हणून तिथे स्वस्तात सुटणं ही नामुष्की. एका दुधीला पाचशे रुपये लागतात. नवरा बोलतो, त्याच्यावर बायको बोलते, बापावर मुलगा चढतो आणि सगळं आवार हसतं. पप्पा घरी असले की तिथे स्वतःच्याच बोलीवर बोली चढवायचे. "विकणाऱ्या माणसाची लहानपणची वस्तू असेल," पप्पा म्हणाले. "तीनशेला उचलायची? बरं दिसतं का?"

मी कपाळावर हात मारला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, पाचव्या दिवशी आईजवळ ही गोष्ट परत सांगताना मलाच हसू फुटलं. आमच्याकडचाच हा मूर्खपणा, दुसऱ्या कुणाला सुचला नसता. पण त्याचं फळ बघा. आठवड्याभरात आगाशीच्या दुकानदाराने मला रस्त्यात गाठून सांगितलं, की होडीच्या कॅसेटचा भाव आता साडेपाच हजार झालाय, मागची एकोणचाळीसशेला गेली ना, दोघं जण जाम भिडले होते म्हणे! मी म्हटलं, हो का. आणि रिक्षा पकडली.

कॅसेट आली. मशीन पुसलं, वायरी जोडल्या, रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. चित्र आलं तेव्हा मला रडूच आलं. आईसुद्धा हात पुसत येऊन उभी राहिली. होडी निघाली आणि पहिल्याच वळणावर, जिथे पप्पा गप्पा मारत मारत होडी काढायचे तिथे, डावीकडून ओंडका आला आणि आम्ही बुडालो. परत लावली. परत तिथेच. तिसऱ्यांदा उजव्या काठावर आपटलो.

"पप्पा, लक्ष कुठे आहे? डावीकडे बघा ना!" मी खेकसले. वर्गात खेकसते तशीच. "अहो, डावीकडे! एवढा मोठा ओंडका!"

पप्पांनी रिमोट मांडीवर ठेवला. "बाय, मला मधलं तेवढं दिसतं," ते म्हणाले. "कडेचं गेल्या नाताळपासून नाही दिसत."

डॉक्टरकडे ते वर्षभर एकटेच जात होते. मी काय लहान पोर आहे का, असं म्हणून जायचे, आणि आल्यावर तसंच आहे, तसंच आहे म्हणायचे. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. होडी पडद्यावर तशीच अडकून राहिली. आई आत निघून गेली.

"मग आधी का नाही सांगितलंत? मी एवढी धावत होते ना ह्याच्यामागे!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "म्हटलं, भाव चढवत नेला की तू सोडशील. माझ्या नावावर सुटली असती तर मी पैसेच भरले नसते. कॅसेट आली नसती, तर तुला हे कळलंच नसतं." मग, जणू तक्रार माझीच करत असल्यासारखं, ते म्हणाले, "पण तू सोडेचनास."